जादू कुणाच्या हातात?

(महिला कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'सर्जनशीलता आणि स्व-परिवर्तन' असा भारदस्त विषय छापला आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर मला ओव्या, गोधड्या, वह्या आणि नाटक यांबद्दल बोलायचं आहे. बाई हाताने किंवा तोंडाने काही घडवते तेव्हा तिच्या आत काय घडतं, याबद्दल बोलायचं आहे. आणि त्यासाठी मी एक असा शब्द वापरणार आहे, जो आपल्या कामात सहसा कुणी चांगल्या अर्थाने वापरत नाही. तो शब्द म्हणजे 'जादू'.

हा शब्द आपण जपून वापरतो, आणि ते बरोबरच आहे. आपल्या राज्यात जादूटोण्याच्या नावाखाली सगळ्यात जास्त कोण भरडलं गेलं असेल तर ती बाई. गावात मूल दगावलं, गुरं मेली, की बोट एखाद्या एकट्या राहणाऱ्या बाईकडे जातं. नंदुरबारकडच्या आदिवासी भागात 'डाकीण' ठरवून बायकांना मारहाण झाल्याचं, गावाबाहेर काढल्याचं आपण वाचलं आहे. दुसऱ्या बाजूला, मूल होत नाही, नवरा नांदवत नाही, म्हणून बाबा-बुवांच्या दारात रांग लावणाऱ्याही बायकाच. या प्रकारांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं झुंज दिली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर अवघ्या काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कायदा झाला. एवढी किंमत मोजून मिळालेला कायदा आपल्या हातात असताना मी 'जादू' म्हणते आहे. तेव्हा का म्हणते, ते आधी सांगायला हवं.

बुवाच्या खोलीत काय काय असतं ते आठवून पाहा. एक ठरलेली वेळ असते. एक आखलेली जागा असते. हातात काहीतरी वस्तू असते, लिंबू म्हणा, दोरा म्हणा. तेच ते शब्द पुन्हा पुन्हा म्हटले जातात. आणि साक्षीला माणसं असतात. आता हे सगळं ज्या दुसऱ्या एका ठिकाणी होतं, तिथे चला. पहाटेची वेळ, घराचा एक कोपरा, हातात जात्याचा खुंटा, ओठांवर एकाच चालीत फिरणारे शब्द आणि समोर दुसरा हात लावायला बसलेली जाऊ किंवा नणंद. साहित्य तेच आहे. फरक एवढाच की बुवाच्या खोलीत बाई पाया पडते आणि जात्यावर ती स्वतः बोलते. बुवाच्या जादूत ताकद बुवाची असते आणि बाई प्रेक्षक असते. जात्यावर ताकद कुणाची असेल तर ती दळणाऱ्या बाईचीच. मला जी जादू म्हणायची आहे ती ही.

ओवी हा शब्द ओवण्यावरून आला असं मानतात. बाईने दिवसभरात जे जे सोसलं, पाहिलं, मनात ठेवलं, ते तिने पहाटे एका धाग्यात ओवलं. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या हजारावर गावांत फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी ओव्या २०१७ पासून 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळावर आवाजासकट ऐकायला मिळतात. सवड काढून ऐका. त्यात माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे, आंबेडकर आहेत, सासुरवास आहे. आणि सीता फार आहे. सीतेला रानात सोडलं, तिच्यावर अन्याय झाला, हे बायका पुन्हा पुन्हा गातात. आता शेजारच्या खोलीत सासू झोपलेली असताना 'माझ्यावर अन्याय झाला' असं म्हणायची सोय नव्हती. पण सीतेबद्दल म्हणायला कुणाची हरकत? सीतेच्या नावाने बाईने आपलं दुःख उंबऱ्याच्या आत उभं केलं आणि घर जागं असूनही कुणाला तिला गप्प करता आलं नाही.

जनाबाईची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. जनी दळायला बसली की विठ्ठल येऊन तिच्याबरोबर दळू लागतो. ही गोष्ट मी चमत्कार म्हणून सांगत नाही. तिचा अर्थ मी असा लावते, की ज्या बाईला गाता येतं तिचं जातं हलकं होतं. जातं तेवढंच जड असतं, दाणे तेवढेच असतात. बदलते ती दळणारी.

पण इथेच एक कडू प्रश्न विचारला पाहिजे. दळून झालं, गाऊन झालं आणि बाई उठून त्याच चुलीपाशी गेली. मग त्या गाण्याने काय साधलं? वाफ बाहेर पडावी, कुकर फुटू नये, एवढंच? आपल्यातल्या अनेक कार्यकर्त्या हा आक्षेप घेतात आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. प्रश्न रेशनचा आहे, मारहाणीचा आहे, सातबाऱ्यावरच्या नावाचा आहे, आणि तुम्ही गाणी काय म्हणत बसता? उत्तर देण्याआधी आमच्या कामातली एक हकिकत सांगते. बाईची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आमच्या वस्तीतल्या केंद्रात आठवड्यातून एक दुपार बायकांचा गट बसतो. त्यात एक बाई येऊ लागली. वय तिशीच्या आतलं, दोन मुलं, नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून आईकडे परत आलेली. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, हे तुम्हाला माहीत आहे. त्याखाली अर्ज करताना संरक्षण अधिकाऱ्यांकडून कौटुंबिक घटना अहवाल भरला जातो. त्यात घटनेची तारीख, वेळ, ठिकाण असे रकाने असतात. मी विचारायची, "कधी मारलं? कशावरून?" ती म्हणायची, "काय सांगू ताई, रोजचंच होतं." 'रोजचंच' हे उत्तर शंभर टक्के खरं होतं, पण ते रकान्यात बसत नव्हतं. आणि समोरचा वकील अशाच उत्तराची वाट पाहत असतो.

थंडी जवळ आली होती. गटातल्या एका वयस्क मावशींनी काढलं, की या वर्षी सगळ्यांनी मिळून गोधड्या शिवू या. प्रत्येकीने घरातली जुनी पातळं आणायची. ही बाईसुद्धा सासरहून येताना बांधून आणलेलं गाठोडं घेऊन आली. पहिल्या दिवशी नुसती घड्या उलगडत बसली. मग एक पातळ पुढे ओढून म्हणाली, "हे थोरल्याच्या बारशाला नेसले होते." दोरा ओवता ओवता मावशींनी विचारलं, "मग?" मग त्या बारशाच्या रात्री काय झालं ते तिने सांगितलं. आहेर कमी आला म्हणून मारलं होतं. दुसऱ्या पातळावर पोळ्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट निघाली. तिसऱ्याचा पदर फाटलेला होता. तो कसा फाटला हे सांगताना तिचा धावदोरा थांबला नाही, टाके फक्त बारीक पडत गेले.

चार आठवड्यांत गोधडी अर्धी झाली आणि पाच वर्षांचा संसार क्रमाने लागला. पाचव्या आठवड्यात ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आता लिहा." बारसं, पोळा, राखीपौर्णिमा, धाकट्याचं बाळंतपण अशा खुणांवरून आम्ही जुनी कॅलेंडरं काढून तारखा बसवल्या. जिथे तारीख नक्की बसली नाही तिथे महिना लिहिला. संरक्षण अधिकाऱ्यांपुढे तिने जे सांगितलं ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसंध होतं. अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट वेळ गेला. पण उलटतपासणीत ती डगमगली नाही आणि तिला मुलांसाठी पोटगी मिळाली.

गोधडीमुळे नवरा सुधारला नाही. गोधडीमुळे न्यायालयही लवकर हललं नाही. पण 'रोजचंच' म्हणणारी बाई 'त्या दिवशी असं झालं' म्हणू लागली. 'रोजचंच' म्हणजे नशीब असतं. 'त्या दिवशी, त्याने, असं केलं' म्हणजे गुन्हा असतो. या दोन वाक्यांतलं अंतर तिने सुई-दोऱ्याने कापलं. हे बदलणं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याला जादूखेरीज दुसरा शब्द मला सापडत नाही.

हे कसं होतं, याचा विचार मी पुष्कळ केला. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला शिकवलं होतं, की मुलाखत घेताना समोरासमोर बसावं, नजर द्यावी, प्रश्न मोकळे ठेवावेत. ते चुकीचं नाही. पण जी बाई आयुष्यभर कुणाच्या ना कुणाच्या नजरेच्या धाकात जगली, तिला समोरून रोखलेली माझी नजरसुद्धा अधिकाऱ्याचीच वाटू शकते. गोधडीभोवती बसलेल्या बायका एकमेकींकडे पाहत नाहीत, सगळ्या टाक्याकडे पाहतात. हात गुंतलेले असतात. गप्प बसलं तरी अवघड वाटत नाही, कारण काम चालू असतं. आणि बोललेलं ऐकायला माणसं असतात. जात्यावर हेच होत होतं. आता गिरणी आली, आणि बरंच झालं. पहाटे उठून पायलीभर दळणाऱ्या बाईच्या खांद्यांचं काय व्हायचं ते आपल्या आज्यांना विचारा. जातं परत आणा असं मी कधीच म्हणणार नाही. पण जात्याबरोबर बायकांची एकत्र बोलायची एक हक्काची वेळही गेली, ती आपण परत आणली नाही. आज वस्तीतली बाई घरकामाच्या चार घरांतून दमून येते आणि एकटीच मोबाइल बघत बसते. ती वेळ गटाने उभी करायची आहे.

अंगात येण्याबद्दलही दोन शब्द बोलते, कारण वस्तीत काम करणाऱ्या प्रत्येकीला हा प्रश्न पडतो. अंगात आलेल्या बाईला तुम्ही पाहिलं असेल. एरवी जिचं कुणी ऐकत नाही, तिच्यासमोर त्या अर्ध्या तासात सासूसुद्धा हात जोडते. तिला विचारलं जातं, "आई, तुला काय हवं?" विचार करा, त्या बाईला आयुष्यात एरवी हा प्रश्न कोण विचारतं? मी अंगात येण्याचं समर्थन करत नाही. त्याच्या नावाने धंदा करणाऱ्यांना विरोध केलाच पाहिजे, आणि बाईला फिट येत असेल, मानसिक आजार असेल, तर दवाखान्यात नेलंच पाहिजे. पण नुसतं "हे थोतांड आहे" म्हणून आपण निघून आलो, तर तिची बोलण्याची एकमेव जागा काढून घेतली आणि दुसरी दिली नाही, असं होतं. देवीच्या तोंडून नव्हे, स्वतःच्या तोंडून "मला हे हवं" असं म्हणायची जागा आपण तिला दिली पाहिजे.

नाटक ही तशी जागा आहे. ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेने उभं केलं आणि ते गावोगाव पोहोचलं. त्यात काम करणाऱ्या बायका काही नाटकवाल्या नव्हत्या, नोकरी-संसार सांभाळून तालमीला येणाऱ्या होत्या.

ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्टो बोआल यांनी आपल्याला उपयोगी पडेल असा एक प्रसंग लिहून ठेवला आहे. १९७३ साली ते पेरू देशात साक्षरतेच्या मोहिमेत नाटकं करत होते. एका बाईने आपली गोष्ट दिली. तिचा नवरा तिच्याजवळ काही कागद जपून ठेवायला देत असे, महत्त्वाचे आहेत म्हणून. तिला वाचता येत नव्हतं. पुढे शेजारणीने वाचून दाखवले तेव्हा कळलं, की ती त्याच्या दुसऱ्या बाईची प्रेमपत्रं होती. आता नवरा घरी आला की हिने काय करावं? नटांनी प्रेक्षकांना विचारलं. एक बाई म्हणाली, "त्याच्याशी स्पष्ट बोलायचं." नटीने बोलून दाखवलं. त्या बाईला पटेना. पुन्हा केलं, पुन्हा पटेना. शेवटी बोआल वैतागून म्हणाले, मग तुम्हीच वर या आणि करून दाखवा. ती आली, तिने झाडू उचलला आणि नवरा झालेल्या नटाला झोडपून काढलं. तिच्या शब्दकोशात 'स्पष्ट बोलणं' म्हणजे ते होतं! त्या दिवशी बोआल यांना उमगलं, की प्रेक्षकाच्या वतीने दुसऱ्याने करून दाखवणं पुरेसं नाही. त्यांची नाटक मध्येच थांबवून प्रेक्षकाला आत बोलावण्याची पद्धत, 'फोरम थिएटर', यातून पुढे आली.

घरी जाऊन झाडू उचला असं मी सुचवत नाही. महत्त्वाचं आहे ते तिचं जागेवरून उठणं. आमच्या गटात आम्ही साधं नाटक करतो: रेशन दुकानदार, सासू, पोलीस ठाण्यातला ठाणे अंमलदार. "तक्रार नको, मिटवून घ्या" असं अंमलदार झालेली बाई म्हणते आणि दुसरी तिला उत्तर देते. पहिल्यांदा उत्तर येत नाही, सगळ्या हसतात. तिसऱ्यांदा येतं. खऱ्या ठाण्यात जायच्या आधी ते वाक्य तिच्या तोंडात बसलेलं असतं.

आता लिहिण्याबद्दल. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी आपल्या छोट्या दुकानात बसून, घरच्यांच्या नजरेआड 'जिणं आमुचं' लिहिलं आणि वर्षानुवर्षं दडवून ठेवलं. पुस्तक निघालं १९८६ साली. दलित बाईचं जगणं दलित बाईच्या लेखणीतून मराठीत आलं, ते असं लपतछपत आलं. लिहिण्याने माणसात काय फरक पडतो याचा अभ्यासही झाला आहे. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनातल्या जखमांबद्दल लिहायला सांगितलं. पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्यापैकी घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या तुलनेने कमी झाल्या. मात्र लिहून झाल्या झाल्या त्यांना बरं नाही, उलट जास्त वाईट वाटत होतं. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा फायदा लहानसाच असल्याचं दिसलं. तेव्हा लिहिणं म्हणजे रामबाण औषध नव्हे. आणि 'लिही, मोकळी हो' असं सांगून बाईला तशीच घरी पाठवणं धोक्याचं आहे. लिहिल्यावर तिच्याजवळ कुणीतरी बसायला हवं.

दुसरा धोका अगदी साधा आहे: वही कुणाच्या हातात पडेल? आमच्या गटातल्या बायकांनीच ठरवलं, की वह्या केंद्रातल्या कपाटात राहतील आणि किल्ली त्यांच्यातल्या एकीकडे असेल. ज्यांना लिहिता येत नाही त्या सांगतात आणि दुसरी लिहून घेते. बहिणाबाई चौधरींना तरी कुठे लिहिता येत होतं? घरातल्यांनी टिपून ठेवलं, म्हणून त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ती गाणी पुस्तकात आली.

तिसरी गोष्ट म्हणजे मालकी. वारली चित्रांचं पाहा. लग्नाचा चौक भिंतीवर लिहायचा मान सवाशिणींचा, गाणी म्हणून लग्न लावायचा मान धवलेरीचा. हे बायकांचं विधी म्हणून केलेलं काम होतं. १९७० च्या दशकात ही कला कागदावर आली, शहरात गेली. जिव्या सोमा म्हसे यांच्यासारखा थोर कलावंत त्यातून पुढे आला, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण भिंतीवर होतं तोवर बायकांचं असलेलं काम पैसे आणि नाव मिळू लागल्यावर मोठ्या प्रमाणात पुरुषांच्या हातात गेलं, हे विसरू नये. आपणही हेच करू शकतो. अनुदान देणाऱ्याला अहवालात 'किती महिलांमध्ये परिवर्तन झाले' असा आकडा हवा असतो आणि आपला हात बायकांच्या वह्यांकडे, गोधड्यांच्या फोटोंकडे जातो. तिला विचारल्याशिवाय तिची एक ओळही बाहेर जाता कामा नये. नाहीतर तिची जादू आपण आपल्या नावावर करून घेतली, मग बुवात आणि आपल्यात फरक काय राहिला?

आता त्या आक्षेपाकडे येते. ओवी गाऊन बाई पुन्हा चुलीपाशीच गेली, हे खरं. कारण तिचं ऐकणाऱ्या जाऊ-नणंदेच्या हातात कायदा नव्हता, निवारा नव्हता, संघटना नव्हती. आज यातलं थोडं का होईना, आपल्या हातात आहे. नुसती गाणी म्हटली तर वाफ जाते आणि सगळं जिथल्या तिथे राहतं. नुसता अर्ज भरला तर अर्ज भरणारी बाई तीच घाबरलेली राहते, आणि पहिल्या तारखेला सासरच्यांनी डोळे वटारले की तो मागे घेते. अर्ज मागे घेतलेल्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. म्हणून गोधडी आणि अर्ज, दोन्ही एकाच केंद्रात, एकाच दुपारी व्हायला हवेत.

तुम्ही गावी परत गेल्यावर एवढंच करा. दर बैठकीतला एक तास हातांच्या कामासाठी राखून ठेवा, बचतीचा हिशेब कितीही लांबला तरी तो तास कापू नका. काय करायचं ते बायकांना ठरवू दे: गोधडी, भोंडल्याची नवी गाणी, नाटक, काहीही. कुणावर बोलायची सक्ती नको. कुणी बोललं तर लगेच सल्ला नको. आणि त्या तासाला तुम्हीही सुई हातात घ्या. कारण कडेला वही घेऊन बसलेली ताई ही कितीही चांगली असली तरी त्या बायकांना ती ताईच वाटत राहते.

इतकं बोलून मी थांबते. तुमचे अनुभव आता मला ऐकायचे आहेत.